रविवारची दाढी

आयुष्यात मला जेवढा वैताग गुडगावच्या घरमालकांनी दिला तेवढा आजवर कोणीही दिलेला नाही. यात बायको, दोन मुलं आणि चार मॅनेजर धरलेले आहेत.

तेव्हा गुरुग्राम हे नाव कोणी घेत नसे. गुडगावच होतं ते, आणि तेही धड नव्हतं. सेक्टर आखून झाले होते, रस्ते अर्धवट होते. एका प्लॉटवर नवंकोरं घर आणि शेजारच्या चार प्लॉटवर मोहरी, अशी वस्ती. मी सांगलीहून मानेसरच्या एका कारखान्यात लागलो होतो. गाड्यांचे सुटे भाग बनायचे तिथे, मी ते तपासायचो. एका मराठी माणसाची वरची खोली रिकामी आहे असं कळलं तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं. घरमालक मराठी, काकू पोळ्या करून देणार. आणखी काय पाहिजे?

आणखी काय पाहिजे ते पहिल्याच सकाळी कळलं. वरच्या खोलीत बेसिन नव्हतं. दाढीला खाली मागच्या अंगणात यावं लागे. तिथे भिंतीवर आरसा होता, आरशाखाली सिमेंटचं बेसिन. मी फेसाचा डबा आणि पिवळ्या प्लॅस्टिकचा वापरून फेकायचा रेझर घेऊन उतरलो. या वस्तू नुकत्या बाजारात दिसायला लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा तोराही होता. काका तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि उलटा करून, नाकाजवळ नेऊन बुडाची बारीक अक्षरं वाचली.

"हे कोणाच्या परवानगीने आलं?"

"दुकानातून आणलं, काका."

"देशात कोणाच्या परवानगीने आलं, असं विचारतोय मी."

मला वाटलं चेष्टा करताहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "उत्तर देऊ नका. उत्तर दिलंत की बस चुकेल."

मी उत्तर दिलं. बस चुकली.

काका दिल्लीच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. परदेशातून काय येऊ द्यायचं आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या विभागात त्यांची तीस वर्षं गेली होती. मग धोरण बदललं. परवान्यांची गरजच उरली नाही. विभाग बंद झाला, कपाटं दुसऱ्या इमारतीत गेली आणि काकांनी दोन वर्षं आधी निवृत्ती घेतली. पण डोक्यातला विभाग बंद झाला नव्हता. घरात येणारी प्रत्येक वस्तू ते उलटी करून वाचत. चिप्सचं पाकीट, शांपूची पुडी, माझे बूट. वाचून झाल्यावर "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये नापसंतीची पूर्ण टिप्पणी असे.

दाढीच्या बाबतीत मात्र "हं"वर भागत नसे. त्यांच्याकडे सात जुने सेफ्टी रेझर होते. सगळे पितळेचे, वरचं निकेल उडालेलं, जामा मशिदीमागच्या जुन्या बाजारातून वेचून आणलेले. दांडा फिरवला की डोकं तीन तुकड्यांत सुटं होणारे काही होते, आणि एक असा होता की त्याची वरची दोन झाकणं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडत आणि मधे ब्लेड ठेवता येई. तो काकांनी माझ्या हातात दिला. माझा पिवळा रेझर त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

"जप्त?" मी विचारलं.

"चौकशी पूर्ण होईपर्यंत."

मी सव्वीस वर्षांचा इंजिनियर होतो. सोळाव्या वर्षापासून दाढी करत होतो. पण काकांच्या मते मी दाढी करत नव्हतो, केस खरवडत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला ब्लेड लावूच दिलं नाही. डोळे मिटून बोटांनी स्वतःचा गाल चाचपायला लावलं. केस कुठल्या दिशेला वाढतात ते बोटाला कळलं पाहिजे. गालावर खाली, हनुवटीखाली आडवे, डाव्या कानाखाली तर भोवऱ्यासारखे. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी माझ्या तोंडाचा नकाशा काढायला लावला, बाण दाखवून. तो तपासला. एक बाण चुकलेला निघाला.

मग आठवडाभर फक्त उजवा गाल. बाकीचं तोंड त्यांच्या देखरेखीखाली जुन्याच पद्धतीने, आणि त्यासाठी रोज सकाळी ड्रॉवर उघडून पिवळा रेझर मला तात्पुरता परत मिळे. दांडा आधी आडवा धरायचा, मग हळूहळू खाली आणायचा. पातं जिथे केसाला लागतं तिथेच थांबायचं. हात छोटे छोटे मारायचे. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. आणि दाबायचं नाही, कधीही नाही.

"वजन त्याचं, हात आपला," ते म्हणत. दिवसातून निदान चार वेळा म्हणत. मी पोळी लाटायला घेतली तरी म्हणत.

एकदा फेस लावायचा, केसांच्या दिशेने एक हात. पुन्हा फेस, आडवा हात. तिसऱ्यांदा फेस, उलटा हात. मग गार पाणी, मग तुरटी. या सगळ्याला पस्तीस मिनिटं लागत, आणि कंपनीची बस चौकात सात दहाला येई. मी म्हणे, "काका, माणसं तीन मिनिटांत दाढी करतात." ते म्हणत, "माणसं तीन मिनिटांत लग्नही करतात."

काकूंकडे तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं ऐकतेय. तुम्हाला महिना झालाय."

दुसऱ्या महिन्यात मला उलटा हात मारायची परवानगी मिळाली आणि त्याच दिवशी कारखान्यात परदेशी पाहुणे यायचे होते. मी घाईत होतो. दाबलं. हनुवटीवर तीन ठिकाणी कापलं. काकांनी तुरटी लावली, वर हिंदी वर्तमानपत्राचे तीन कपटे चिकटवले, आणि ते काढायचे मी विसरलो. मी पाहुण्यांना मशीन दाखवत होतो आणि ते माझी हनुवटी पाहत होते. मॅनेजर नंतर म्हणाला, "यार, लड़ाई से आ रहे हो क्या?"

संध्याकाळी मी घरी येऊन चांगला तापलो. हा पितळेचा तुकडा मला नको, माझी वस्तू परत द्या, असं स्पष्ट सांगितलं. काकांनी चष्मा काढून पुसला, माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली आणि म्हणाले, "डावीकडचा उलटा हात मात्र उत्तम बसलाय." मग जेवायला बसले.

खोली सोडायचं मी दर आठवड्याला ठरवत होतो. पण सेक्टरमधल्या इतर घरांत पाणी नव्हतं, आणि काकूंच्या आमटीसारखी आमटी दिल्लीत कुठेच नव्हती.

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी ते म्हणाले, "उद्या आठला तयार राहा. दिल्लीला जायचंय."

"कशाला?"

"दाढीला."

मला वाटलं ब्लेड घ्यायला चाललेत. आम्ही बसने धौला कुआँला गेलो, तिथून दुसरी बस धरून सरोजिनी नगरला उतरलो. बाजारात कपड्यांचे ढीग मांडणं सुरू झालं होतं. काका तिकडे न बघता सरकारी क्वार्टर्सच्या गल्लीत वळले. ओळीने पिवळ्या इमारती, कडुनिंब, दाराशी स्कूटर. तळमजल्यावरचं एक दार त्यांनी वाजवलं. पस्तिशीच्या एका बाईने उघडलं, "नमस्ते अंकल" म्हणाली आणि न विचारता गरम पाणी ठेवायला गेली.

आतल्या खोलीत कॉटवर एक मोठ्या हाडापेराचे गृहस्थ उशांना टेकवून बसवलेले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं. अर्धांगवायू. काकांनी त्यांना नमस्कार केला नाही. त्यांनीही काकांकडे पाहिलं नाही. काकांनी पिशवीतून ब्रश, साबणाची वाटी आणि सातांपैकी सर्वांत जुना रेझर काढला, त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि दार उघडणाऱ्या बाईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, म्हणाले,

"इनसे कहिए, गर्दन ऊपर करें."

ते गृहस्थ काकांपासून वीतभर अंतरावर होते. मुलगी म्हणाली, "पापा, गर्दन ऊपर." त्यांनी मान वर केली.

"इनसे कहिए, साँस रोकें."

"पापा, साँस रोकिए."

तीन हात होईपर्यंत हेच चाललं. मी पाण्याचा मग धरून उभा होतो आणि माझ्या रविवारचं काय झालं याचा विचार करत होतो.

चहाचे कप घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा मुलीने सांगितलं. हे काकांचे साहेब. डायरेक्टर. दोघं वर्षानुवर्षं याच कॉलनीत राहायचे, एकाच स्कूटरवरून ऑफिसला जायचे. मग एक फाइल आली. ब्लेड बनवायला लागणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या बाहेरून मागवू द्यायच्या का, असा साधा प्रश्न. काकांनी दोन्ही पोलादांची ब्लेडं मिळवली, महिनाभर एका गालाला हे आणि दुसऱ्या गालाला ते लावून दाढी केली, कुठे किती कापलं त्याचा तक्ता बनवला आणि फाइलला जोडला. परवानगी द्यावी, अशी नोट लिहिली. साहेबांनी समासात शेरा मारला की हे मंत्रालय आहे, सलून नव्हे. ती फाइल खाली टायपिस्टपर्यंत फिरली. सगळं ऑफिस हसलं. काकांनी तीन पानी उत्तर लिहिलं, साहेबांनी त्यांची बढती अडवून ठेवली.

"चौदह साल हो गए. एक शब्द नहीं बोले आपस में," ती म्हणाली. "और पापा ऐसे, कि अंकल के अलावा किसी को हाथ नहीं लगाने देते. ख़ून पतला करने की गोली चलती है ना. नाई ने ज़रा-सा काटा था, दो घंटे ख़ून नहीं रुका."

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. "काका, ज्या माणसाने तुमची बढती अडवली त्याची दाढी करायला तुम्ही दोन बस बदलून येता?"

"हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो. ऑफिसचे सगळे चालले होते म्हणून. कोणीतरी त्यांची दाढी केली होती. कानाखाली पट्टे सुटलेले, मिशी वाकडी." त्यांनी मान हलवली. "असलं काम बघवत नाही."

"मग बोला तरी त्यांच्याशी."

"बोलण्याचा काय संबंध?"

पुढे प्रत्येक रविवारी मला जावं लागलं. ताप आला म्हणून पाहिलं, काम आहे म्हणून पाहिलं. एकदा क्रिकेटच्या मॅचसाठी मी पहाटेच मित्राकडे पळालो, तर नऊ वाजता काका मित्राच्या दारात हजर. पत्ता कसा मिळाला ते अजून कळलेलं नाही. हळूहळू मला कामं वाढली. आधी फेस करायचा. मग फेस लावायचा. मग एक दिवस, "हा उजवा गाल तुम्ही करा." मी केला. साहेबांचे डोळे माझ्या हातावर होते, काकांचेही.

आठ-नऊ महिने झाले असतील. एका शुक्रवारी काका म्हणाले, "उद्या माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. महिनाभर वाकायचं नाही, उन्हातान्हात फिरायचं नाही. या रविवारपासून सरोजिनी नगरला तुम्ही एकटे जायचं."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नकाशा, बाण, उजवा गाल, पितळेचं फुलपाखरू.

"म्हणजे इतके महिने तुम्ही मला या कामासाठी तयार करत होता?"

"तुमचा हात हलका आहे. पहिल्या आठवड्यात दिसलं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"आताही नाहीच म्हणतोय!" मी ओरडलो. "त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. कापलं तर? मी इंजिनियर आहे, काका. माझ्या एका दाढीवर तीन कपटे लागतात!"

मी दार आपटून वर गेलो. थोड्या वेळाने काकू जिना चढून आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. कॉटच्या कडेला टेकल्या.

"वर्षभर त्यांना नीट दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधीपासून. दर रविवारी घरी आले की अर्धा तास हात धुवत बसायचे. कापलं असतं तर, कापलं असतं तर, एवढंच. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणायचे, महिनाभर तिकडे कोण जाईल?" मग उठताना म्हणाल्या, "मी काही आग्रह करत नाही."

रविवारी मी एकटा गेलो. मुलीने पाणी ठेवलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल बांधला, फेस केला. गाल झाले. मग गळा आला. ओघळलेल्या बाजूची कातडी सैल होती. तिला ताण देऊन धरली, दांडा खाली आणला, आणि आवाज ऐकत राहिलो. पातं बरोबर बसलं की बारीक खरखर ऐकू येते, दाबलं की ती बंद होते. एवढं तरी मला आता कळत होतं. तीन हात मी मारलेच नाहीत. दोनच मारले. पण एक थेंब आला नाही.

तुरटी लावताना त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. पकड जबरदस्त होती.

"वो... ज़िंदा है?"

"जी, बिल्कुल. आँख का ऑपरेशन हुआ है. महीने भर में आएँगे."

त्यांनी मनगट सोडलं नाही. ओठ जुळत नव्हते, शब्द सांडत होते. मुलगी जवळ आली. बऱ्याच वेळाने वाक्य पूर्ण झालं. "उसको बोलो... फ़ाइल में... वो सही था."

दोन बस बदलून मी जवळजवळ धावत घरी आलो. काका अंधाऱ्या खोलीत काळा चष्मा लावून पडले होते. मी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं रडताहेत. चष्म्यामुळे दिसेना.

मग म्हणाले, "तोंडी?"

"म्हणजे?"

"तोंडी म्हणण्याला अर्थ नसतो. सलूनचा शेरा लेखी होता. हेही लेखी पाहिजे."

त्या क्षणी मी त्यांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्या माणसाचा उजवा हात गेलाय, त्याला बोलायला पाच मिनिटं लागतात, आणि तुम्हाला फाइल पाहिजे? काकूंनी मला हाताला धरून बाहेर काढलं. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनाही काही फरक पडलेला दिसला नाही.

पुढच्या रविवारी मी निघालो तर काका काळा चष्मा लावून, टोपी घालून फाटकाशी उभे. डॉक्टरांनी मनाई केली होती, काकूंनी केली होती, मीही केली. "मी दाढी करणार नाही. बसून राहणार आहे," म्हणाले. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला मी त्यांचा खांदा धरत होतो आणि मनात शिव्या देत होतो.

सरोजिनी नगरला ते कॉटसमोरच्या खुर्चीत बसले. नमस्कार नाहीच. साहेबांनी त्यांचा काळा चष्मा नीट पाहून घेतला. मी फेस लावला आणि पहिला हात सुरू करणार तेवढ्यात काका मुलीला म्हणाले, "इनसे कहिए, जो ज़बानी कहा था, लिखकर दें."

मला जमीन दुभंगावी असं झालं. मुलगीही रागाने लाल झाली. पण ती काही बोलायच्या आत साहेबांनी डावा हात पुढे केला आणि बोटं हलवली. पेन.

तिने पाटीवर कागद लावून मांडीवर ठेवला. साहेब डाव्या हाताने लिहायला लागले. एकेक अक्षर रेघ ओढल्यासारखं. मी रेझर धरून उभा. दहा मिनिटं गेली असतील, पंधराही असतील. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी खाली एक वेडीवाकडी सही केली आणि पाटी पुढे ढकलली.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. कागद नाकाजवळ नेला. तीन शब्द होते. 'नोट सही था.' ते वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी मान वर केली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा सरळ त्या माणसाकडे बघून बोलले.

"तारीख़ नहीं डाली आपने."

साहेबांचा चेहरा, जेवढा हलू शकत होता तेवढा, हलला.

"तू... हमेशा... यही..."

"हमेशा क्या? बिना तारीख़ के दस्तख़त आप करते थे, सुनना मुझे पड़ता था!"

"तेरा... चार्ट... चार पन्ने का..."

"दो पन्ने का था, साहब! दो! आपने पढ़ा ही कहाँ था?"

साहेबांनी डाव्या हाताने कॉटवर थाप मारली. काका खुर्ची ओढत पुढे सरकले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, आणि ते चांगले कमरेतून वाकून, बोट नाचवून भांडत होते. मुलगी तोंडाला पदर लावून दाराला टेकून उभी होती. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मगातलं पाणी गार झालं होतं आणि साहेबांच्या गालावरचा फेस वाळून पांढऱ्या खपल्या पडायला लागल्या होत्या.

"काका!" मी ओरडलो. "फेस वाळतोय! आधी दाढी होऊ द्या, मग भांडा!"

काकांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. हाताने मला बाजूला सारलं.

"थांबा हो जरा," ते म्हणाले, "आम्ही बोलतोय."